रडायला जखमच कशाला हवी?

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. माझी भाची कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एकांकिका स्पर्धेत काम करत होती. एका रात्री तालमीहून आली ती डोळे सुजवूनच. ताटावर बसली आणि नुसता भात चिवडत राहिली. खोदून खोदून विचारलं तेव्हा कुठे कळलं. एका प्रसंगात तिला रडायचं होतं आणि रडू काही येत नव्हतं. दिग्दर्शक मुलगा तिच्याच वयाचा. त्यानं सांगितलं, तुझी आजी गेली तो दिवस आठव. तिनं आठवला. रडू आलं, इतकं आलं की थांबेचना. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि आता रोज तालमीत आजीला पुन्हा पुन्हा मारायचं का मावशी, असं म्हणत ती माझ्या गळ्यात पडली.

तिची आजी म्हणजे माझी आई. मलाही गलबलून आलंच. पण खरं सांगू? मला आठवला तो माझाच जुना हिशेब.

नव्वदच्या दशकात मीही राज्य नाट्य स्पर्धेत काम करायचे. त्या वर्षी माझे वडील गेले होते. नाटकात नवरा गेल्याची बातमी ऐकून कोसळायचा प्रसंग होता आणि आमच्या दिग्दर्शकांनी मला हाच कानमंत्र दिला होता. मी प्रत्येक तालमीत वडिलांची ती शेवटची रात्र डोळ्यांपुढे आणायचे. उत्तेजनार्थ प्रशस्तिपत्रही मिळालं. पण पुढे एक भयंकर गोष्ट झाली. वर्षश्राद्धाच्या दिवशी वडिलांच्या फोटोला हार घालताना डोळ्यांत पाणी येईना. वापरून वापरून ती आठवण पार गुळगुळीत झाली होती. माझं दुःख मी कुठेतरी खर्च करून टाकलं, असं वाटलं. नाटक सुटलं ते तेव्हा. कितीतरी वर्षं मला वाटायचं, आपल्यातच काहीतरी कमी होतं. अभिनय म्हणजे हे असंच असणार आणि आपल्याला ते झेपलं नाही.

मग वाचनालयातल्या अभिनयावरच्या एका पुस्तकात स्टेला ॲडलर भेटली. अमेरिकन रंगभूमीवरची अभिनेत्री, दिग्दर्शिका आणि त्याहून मोठी शिक्षिका. त्या रात्री भाचीला मी तिचीच गोष्ट सांगितली. मैत्रिणींनो, आज तुम्हालाही सांगते.

नाटकाच्या घरातली मुलगी

स्टेलाचा जन्म १० फेब्रुवारी १९०१ चा, न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड भागातला. पूर्व युरोपातून आलेल्या गरीब ज्यू कुटुंबांची ही वस्ती. दाटीवाटीच्या खोल्या, घराघरात शिवणकाम, दिवसभर राब राब राबणारी माणसं. आपल्या गिरणगावाची आठवण यावी असं सगळं. आणि गिरणगावासारखंच त्यांनाही नाटकाचं वेड! यिडिश ही त्यांची घरची भाषा आणि त्या भाषेतली रंगभूमी म्हणजे त्यांचा श्वास.

त्या रंगभूमीचा अनभिषिक्त राजा म्हणजे स्टेलाचे वडील जेकब ॲडलर. ओडेसाहून आलेले. १९०३ मध्ये ते ब्रॉडवेवर शायलॉक म्हणून उभे राहिले तेव्हा बाकीची सगळी पात्रं इंग्रजीत बोलत होती आणि हे एकटे यिडिशमध्ये! तरी प्रेक्षकांना समजायचं ते समजलं. आई सारा ॲडलरही तेवढ्याच ताकदीची नटी. टॉलस्टॉयच्या कादंबरीवरून केलेल्या 'रिसरेक्शन' नाटकातली तिची कातुशा गाजलेली होती. भावंडंही एकामागून एक रंगमंचावर आली. त्यातला ल्यूथर पुढे मोठा नट झाला.

अशा घरात स्टेला चार वर्षांची असताना वडिलांच्या नाटकातून पहिल्यांदा रंगमंचावर आली. आपल्याकडे कंपनीच्या नाटकांतून मुलं विंगेत वाढायची ना, तसंच हे बालपण. शाळा जमेल तशी आणि नाटक मात्र रोज. १९१९ मध्ये वडिलांच्या कंपनीबरोबर ती लंडनलाही जाऊन आली. काम करून करून सगळं अंगात भिनलेलं होतं, पण ते कसं येतं हे कोणी शिकवलेलं नव्हतं.

१९२३ मध्ये मॉस्को आर्ट थिएटर अमेरिकेच्या दौऱ्यावर आलं आणि न्यूयॉर्कची नाटकवाली मंडळी थक्क झाली. स्टानिस्लाव्हस्की यांचं ते थिएटर. त्यांनी अभिनयाची रीतसर पद्धत बांधली होती, जी आपल्याकडे के. नारायण काळे यांनी 'अभिनयसाधना'मधून मराठीत आणली. त्यांच्याच हाताखाली तयार झालेले बोलेस्लाव्हस्की आणि मारिया उस्पेन्स्काया हे दोघे न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन लॅबोरेटरी थिएटरमध्ये शिकवू लागले. १९२५ मध्ये स्टेला तिथे दाखल झाली. विचार करा, वीस वर्षं रंगमंचावर काम केलेली चोविशीतली नटी पुन्हा विद्यार्थिनी म्हणून बाकावर जाऊन बसली! मला तिचं पहिलं कौतुक वाटलं ते इथे.

आठवणींची खाण

१९३१ मध्ये हॅरॉल्ड क्लर्मन, ली स्ट्रासबर्ग आणि चेरिल क्रॉफर्ड या तिघांनी ग्रुप थिएटर काढलं. कोणी स्टार नाही, सगळ्यांनी मिळून काम करायचं, आपल्या काळाबद्दल बोलणारी नाटकं करायची. अमेरिकेत मंदीचा वरवंटा फिरत होता, तेव्हाची ही गोष्ट. उन्हाळ्यात सगळी टोळी कनेक्टिकटमधल्या ब्रुकफिल्ड गावी जाऊन राहिली आणि तालमी सुरू झाल्या. स्टेला त्यांच्यात होती.

तालमी घ्यायचे ली स्ट्रासबर्ग. तेही त्याच लॅबोरेटरी थिएटरमध्ये शिकलेले. त्यांचा सगळा भर भावस्मृतीवर. म्हणजे काय? तर नाटकातल्या प्रसंगाशी जुळणारा स्वतःच्या आयुष्यातला प्रसंग शोधायचा. तेव्हा खोलीत वास कसला होता, अंगावर कपडे कुठले होते, प्रकाश कुठून येत होता, एकेक बारकावा आठवत जायचं. मग ती जुनी भावना उसळून येते आणि ती घेऊन प्रवेश करायचा. माझ्या दिग्दर्शकांचा कानमंत्र तो हाच! कनेक्टिकटहून निघून कुठून कुठे फिरत तो आमच्या तालमीच्या हॉलपर्यंत पोचला होता.

हे तंत्र खोटं आहे असं नाही बरं का. त्यातून खरीखुरी, अंगावर येणारी कामं झाली आहेत. पण स्टेलाला ते जाचायला लागलं. रोज स्वतःच्या जखमेची खपली काढायची, त्यात डोकं खुपसून बसायचं आणि समोरचा नट, नाटककाराचे शब्द, नाटकातलं जग सगळं विसरायचं. लहानपणापासून ज्या रंगमंचावर ती आनंदानं बागडली होती, तिथे जायची तिला धास्ती वाटू लागली. १९३४ च्या मार्चमध्ये 'जंटलवुमन' हे नाटक आलं आणि पडलं. त्यातल्या मुख्य भूमिकेत तीच होती. ती अगदी मिटून गेली.

पॅरिसमधले पाच आठवडे

त्याच वर्षी ती क्लर्मनबरोबर युरोपात गेली. स्टानिस्लाव्हस्की तेव्हा पॅरिसमध्ये होते. सत्तरी ओलांडलेली, हृदयविकारानंतर प्रकृती जपत राहिलेले. दोघं भेटायला गेले. इतरांनी पुढे होऊन बोलावं आणि स्टेलानं मात्र मागे घुटमळावं, असं चाललं होतं. शेवटी धीर करून तिनं मनातलं बोलून टाकलं. मला नाटकावर प्रेम होतं, तुमच्या पद्धतीनं ते संपवलं, अशा अर्थाचं काहीतरी.

कल्पना करा, केवढं धाडस! ज्याला अख्खं जग गुरू मानतं त्याच्या तोंडावर हे सांगायचं! पण म्हातारबुवाही मोठे मनाचे. ते रागावले नाहीत. पद्धतीचा उपयोग होत नसेल तर सोडून दे, पण कदाचित ती तुझ्यापर्यंत नीट पोचलीच नसेल, असं त्यांनी सुचवलं आणि तिच्याबरोबर काम करायला ते तयार झाले.

पुढचे सुमारे पाच आठवडे ती रोज त्यांच्याकडे जात होती. पडलेल्या 'जंटलवुमन'मधलाच प्रवेश तिनं कामाला घेतला. जिथे ठेच लागली, तिथेच परत पाय ठेवायचा! आणि तिथे तिला कळलं की गोष्ट वेगळीच आहे. भावस्मृतीचा प्रयोग स्टानिस्लाव्हस्कींनी एकेकाळी केला होता हे खरं. अमेरिकेत शिकवणारे त्यांचे शिष्य ते जुनं बाड घेऊनच आले होते. पण गुरू तिथेच थांबले नव्हते. त्यांना दिसलं होतं की नटाला असं सारखं स्वतःत खणायला लावलं तर तो थकतो, बिथरतो. आता ते विचारत होते ते साधे प्रश्न. हे पात्र कुठे आहे? कोणत्या परिस्थितीत आहे? त्याला काय हवंय? त्यासाठी ते या क्षणी करतंय काय? करणं खरं असेल तर भावना आपसूक मागून येते. तिला कॉलर धरून ओढून आणायला लागत नाही.

स्टेलानं सगळं टिपून घेतलं. ऑगस्टमध्ये ती परतली, ग्रुप थिएटरच्या उन्हाळी मुक्कामावर गेली आणि सगळ्यांसमोर तक्ता मांडून उभी राहिली. आपण स्टानिस्लाव्हस्की म्हणून जे करतोय, त्यात मोठी गफलत आहे, हे तिनं स्पष्ट सांगितलं.

ते ऐकून काहींनी सुटकेचा श्वास टाकला. स्ट्रासबर्ग संतापले. ते आपल्या मतावर ठाम राहिले आणि आपण शिकवतो ती आपली स्वतःची पद्धत आहे, अशी त्यांची भूमिका झाली. दोघांमध्ये पडलेली ती भेग पुढे जन्मभर सांधली नाही.

बेसी बर्गर नावाची आई

आता नुसतं सांगून कोण ऐकतं? करून दाखवावं लागतं. १९ फेब्रुवारी १९३५ ला क्लिफर्ड ओडेट्सचं 'अवेक अँड सिंग!' ब्रॉडवेवर आलं. दिग्दर्शक क्लर्मन. ब्रॉन्क्समधल्या एका ज्यू घराची ही कथा आणि त्या घराची कर्ती बाई बेसी बर्गर म्हणजे स्टेला. वय वर्षं ३४. तिच्या मुलाचं काम करणारा जॉन गारफिल्ड तिच्याहून जेमतेम बारा वर्षांनी लहान!

ही बेसी आपल्या ओळखीची आहे. नवरा मवाळ, पैशाची चणचण, घरात म्हातारे वडील, दोन वाढती मुलं. ती सगळ्यांना धाकात ठेवते. लग्नाआधी दिवस गेलेल्या मुलीचं एका भोळ्याभाबड्या माणसाशी घाईनं लग्न लावून देते. मुलाच्या प्रेमात मोडता घालते. वडिलांच्या जीव की प्राण असलेल्या गाण्याच्या रेकॉर्डी रागाच्या भरात फोडते. वाईट बाई? हो. पण चूल पेटती राहावी आणि चार लोकांत मान खाली जाऊ नये, यासाठी जिवाचं रान करणारीही तीच. अशा बेसी आपल्या वाड्यांत आणि चाळींत मी पाहिल्यात. तुम्हीही पाहिल्या असतील.

स्टेलाकडे ही बाई उभी करायला स्वतःच्या आयुष्यातली जखम नव्हती. ती तर राजा-राणीच्या घरात वाढलेली. पण आजूबाजूच्या गल्ल्यांतल्या बाया तिनं बघितल्या होत्या. भाडं थकलं की काय होतं, शेजारीण काय बोलते, हे तिला ठाऊक होतं. तिच्या कारकिर्दीतली ही सर्वांत गाजलेली भूमिका ठरली.

अपयशाचे काही कोपरे

एवढं यश मिळाल्यावर पुढे नुसत्या भूमिकांची रांग लागली असेल, असं वाटतं ना? तसं झालं नाही. १९३७ मध्ये ती हॉलिवूडला गेली. तिथे आडनावात एक अक्षर वाढवून तिला स्टेला आर्डलर करण्यात आलं. आख्ख्या आयुष्यात तिनं चित्रपट केले ते तीनच. दिग्दर्शन तिला मनापासून हवं होतं. 'गोल्डन बॉय'च्या दौऱ्यावरच्या संचाचं दिग्दर्शन तिनं केलं. ब्रॉडवेवर 'मॅनहॅटन नॉक्टर्न' (१९४३), 'पोलोनेज' (१९४५), 'संडे ब्रेकफास्ट' (१९५२) बसवलं. १९५६ मध्ये 'जॉनी जॉन्सन' पुन्हा रंगमंचावर आणलं. त्या काळी ब्रॉडवेवर दिग्दर्शनाची खुर्ची बाईला क्वचितच मिळायची. पण यातलं एकही नाटक तिचं नाव दिग्दर्शिका म्हणून कायम करण्याइतकं गाजलं नाही. नटी म्हणून शेवटचं नाटक केलं ते १९६१ मध्ये लंडनला. तेही रुचलं नाही लोकांना.

संसाराचंही तसंच. पहिल्या लग्नातून एक मुलगी, एलन. दुसरं लग्न क्लर्मनशी १९४३ मध्ये. त्यांचं सख्य आणि भांडण दोन्ही गाजलेलं. ते लग्नही मोडलं. तिसरा नवरा मिचेल विल्सन, पदार्थविज्ञानातून कादंबरीकडे वळलेला लेखक. तो १९७३ मध्ये गेला.

वर्गातली राणी

पण चाळिशीत तिनं एक दार उघडलं आणि तेच तिचं खरं घर निघालं. न्यूयॉर्कच्या न्यू स्कूलमध्ये एर्विन पिस्काटर यांच्या नाट्य कार्यशाळेत ती शिकवू लागली. १९४३ मध्ये तिथे एकोणीस वर्षांचा, शिस्तीचं वावडं असलेला एक मुलगा आला. मार्लन ब्रँडो! एक किस्सा नेहमी सांगतात. तिनं वर्गाला सांगितलं, तुम्ही कोंबड्या आहात आणि वरून बॉम्ब पडणार आहे. सगळे फडफडत, कलकलाट करत धावत सुटले. ब्रँडो मात्र शांतपणे कोपऱ्यात अंडं घालत बसला. कोंबडीला बॉम्ब काय माहीत? परिस्थिती नीट समजून घेणं म्हणजे काय, हे त्याला वेगळं शिकवायला लागलं नाही. तो तिच्या घरातलाच एक होऊन गेला. १९४७ मध्ये 'अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर'नं तो रातोरात मोठा झाला आणि लोक त्याला स्ट्रासबर्गांचा चेला समजू लागले. तो मात्र जन्मभर स्टेलाचंच ऋण सांगत राहिला. १९८८ मध्ये तिचं अभिनयतंत्रावरचं पुस्तक निघालं, त्याची प्रस्तावनाही त्याचीच.

१९४९ मध्ये तिनं स्वतःची शाळा काढली. पुढे रॉबर्ट डी निरो, वॉरन बेटी, हार्वी कायटेल, इलेन स्ट्रिच अशी कितीतरी मंडळी तिच्या हाताखालून गेली. येल विद्यापीठातही तिनं शिकवलं. वर्गात तिचा प्रवेश म्हणजे थाट असे. विद्यार्थी उभं राहून टाळ्या वाजवत. नटूनथटून, मान ताठ ठेवून ती खुर्चीत बसे ती सिंहासनावर बसल्यासारखी.

शिकवायची काय? बघायला शिकवायची. लाल म्हणजे कुठला लाल? मी आपल्या शब्दांत सांगायचं तर कुंकवाचा, जास्वंदीचा की एसटीच्या गाडीचा? नेमकं बघता आलं तरच नेमकं कल्पता येतं, हा तिचा पाया. नाटक हातात घेतलं की आधी त्या काळात जायचं. इब्सेन, स्ट्रिंडबर्ग, चेकॉव्ह हे तिचे आवडते. 'अ डॉल्स हाउस' घ्या, जे अनंत काणेकरांनी 'घरकुल' म्हणून मराठीत आणलं. नोरा करायची तर स्वतःच्या नवऱ्याशी झालेलं भांडण आठवून भागणार नाही. त्या काळात बाईला नवऱ्याच्या संमतीशिवाय कर्ज काढता येत नव्हतं, हे आधी कळलं पाहिजे. मग नोरानं खोटी सही करण्यातली भीती आपोआप पोटात उतरते. आपलं एकट्याचं आयुष्य लहान असतं, नाटककारानं उभं केलेलं जग मोठं असतं. त्या मोठ्या जगापर्यंत आपण चढून जायचं, त्याला खाली ओढून आपल्याएवढं करायचं नाही. तिचा सगळा अट्टहास होता तो यासाठी.

पण ती काही देवी नव्हती, हेही सांगायला हवं. वर्गात ती ओरडायची, अपमान करायची. कितीतरी मुलं रडत बाहेर पडली आहेत. जखमांवर अभिनय उभारू नका, असं सांगणाऱ्या बाईच्या जिभेनं जखमा केल्याच. आणि वैरही तिनं सोडलं नाही. १९८२ मध्ये स्ट्रासबर्ग गेले तेव्हा तिनं वर्गाला उभं करून एक मिनिट शांतता पाळायला लावली आणि लगेच, या माणसानं केलेलं नुकसान भरून निघायला शंभर वर्षं लागतील, असं सुनावलं, असं सांगतात. मला ते रुचत नाही. स्ट्रासबर्गांच्या वर्गातूनही थोर नट घडलेच की! कुणाला एक वाट मानवते, कुणाला दुसरी. पण दुसरी वाट आहे, एवढं तरी शिकणाऱ्या पोरीला कोणीतरी सांगायला नको का?

२१ डिसेंबर १९९२ ला लॉस एंजेलिसमध्ये स्टेला गेली. वय ९१. अगदी उतारवयापर्यंत ती शिकवत होती. तिची न्यूयॉर्कची शाळा तिच्या मागेही चालू राहिली.

एवढी गोष्ट ऐकेपर्यंत रात्रीचे साडेबारा वाजले होते. भाचीनं डोळे पुसले आणि एकांकिकेची संहिता काढली. वडील गेल्यावर त्यांची सायकल विकायला निघालेल्या मुलीचं तिचं काम होतं. मग आम्ही दोघी त्या सायकलच्याच मागे लागलो. कुठल्या रंगाची? घंटी वाजते का? सीट किती उंच, म्हणजे बाबा किती उंच? कॅरिअरला बांधलेली दोरी कशाची? विकून आलेले पैसे कशाला हवेत, आणि उद्या सकाळी ती कॉलेजला जाणार कशी?

स्पर्धेच्या दिवशी मी पाचव्या रांगेत होते. प्रसंग आला. भाचीच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. गिऱ्हाईक पैसे मोजत होतं आणि ती ओढणीच्या टोकानं सायकलची सीट पुसत होती. पुसलेलीच पुन्हा पुसत होती. माझ्या मागच्या रांगेत कोणीतरी नाक शिंकरलं. मी पदर तोंडाला लावला. कितीतरी वर्षांनी मला माझे वडील आठवले, कोणी आठवायला न सांगता.

बक्षीस नाही मिळालं. पण त्या रात्री घरी आल्यावर पोरगी पोटभर जेवली.